१९८५ ते ९५चं पुणे खरंच बरं होतं का? (आई 'नाही' म्हणते)

शनिवारचा पारवा

आमचा वाडा पाडायचं अखेर ठरलं. शनिवार पेठ, १४ बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात हौद. मालक आणि भाडेकरू यांचं जमायलाच ११ वर्षं गेली. दोन आठवडे झाले, मी रोज संध्याकाळी माळा उपसतोय. काय काय निघालं! सायकलचा महापालिकेचा पितळी बिल्ला. साखरेच्या नोंदी असलेलं रेशनकार्ड. स्कूटरच्या बुकिंगची १९७९ची पावती (स्कूटर आली १९८७ला, तेव्हा मी सहावीत होतो, पेढे वाटले होते). फोनचा १९८४चा अर्ज. फोन वाजला १९९३ला. तोवर आम्ही सगळ्यांना समोरच्या लेल्यांचा पी.पी. (म्हणजे शेजाऱ्याकडच्या फोनचा) नंबर देत होतो.

वस्तू हातात आली की तिथेच फतकल मारून बसतो, काम पुढे सरकत नाही. परवा आईला म्हणालो, "ते दिवस परत यायला हवे होते गं." आई ७८ वर्षांची आहे. मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझे येऊ देत. माझे नकोत."

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मला तरी ते दशक आजच्यापेक्षा बरं वाटतं. रस्ते मोकळे होते, माणसं एकमेकांकडे न विचारता जायची, मुलं दिवसभर बाहेर असायची आणि कुणाच्या आईला काळजी नसायची. पण हे खरं किती आणि मी तेव्हा दहा वर्षांचा होतो म्हणून किती? तुमचे अनुभव लिहा. नुसतं 'गेले ते दिवस' नको, नक्की काय गेलं ते लिहा.

पायडल

बिल्ला! फोटो टाका, हात जोडतो.

मी सहकारनगरहून फर्ग्युसनला रोज सायकलने जायचो, १९८६ ते ९१. पाच वर्षांत एकदाही असं वाटलं नाही की आज घरी परत पोचेन की नाही. संध्याकाळी डायनॅमो चालत नसेल तर पोलीस थांबवायचा आणि चाकातली हवा सोडायचा. डबलसीट पकडलं की मागचा उडी मारून पळायचा. आज माझ्या मुलीला त्याच रस्त्याने सायकलवर पाठवायची माझी छाती नाही. तिला सायकल येते, आवडते, आणि ती सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरवते. नक्की काय गेलं विचारताय ना? हे गेलं. याला आठवणीचा गोडवा म्हणू नका, हे मोजता येतं.

मीठभाकर

पारवा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्या एका वाक्यात सगळं बोलल्या.

मी नारायण पेठेत १९८८ला लग्न होऊन आले. पहाटे साडेचारला उठायचं, कारण पाणी पाच ते साडेसहा. चौकातल्या नळावरून तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याने, दोन घागरी आणि चार कळशा. मग बंब पेटवायचा. बंबफोड ओली असली की डोळ्यांतून नुसतं पाणी. गॅस होता, पण एकच सिलिंडर. तो संपला की नंबर लावून तीन-तीन आठवडे वाट बघायची, तोवर स्टोव्ह. रॉकेलच्या रांगेत आधी डबे लावून ठेवायचे आणि डब्यावर लक्ष ठेवायला धाकट्या नणंदेला बसवायचं. ११ माणसांच्या पोळ्या. संडास दोन मजल्यांना मिळून एक.

"न विचारता घरी येणारी माणसं" मलाही आठवतात. त्यांच्यासाठी चहा मी टाकायचे. रात्री साडेनऊला आले तर पिठलं-भात मी टाकायचे. माझ्या नवऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, काय ते दिवस! आणि तो खोटं बोलत नाही. त्याचे दिवस तसेच होते.

पायडल

मीठभाकरताई, निरुत्तर. माझ्या आईचा दिवस मी कधी असा मोजलाच नाही.

षड्ज

एक गोष्ट मात्र नि:संशय गेली. सवाई गंधर्व महोत्सवाची रात्र. रमणबागेच्या मैदानावर सतरंजी, घोंगडी, थर्मास, कानटोपी. शेवटच्या रात्री बसलेला माणूस उजाडल्यावरच उठायचा. पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे. ललत अंगावर थंडी असताना ऐकणं आणि तोच दुपारच्या बैठकीत ऐकणं यात फरक आहे हो. भीमसेनजी गायला बसायचे तेव्हा बाहेर चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाजसुद्धा बंद व्हायचा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम आला आणि ते संपलं. नियम योग्य आहे. माझे स्वतःचे वडील शेवटच्या आजारपणात आवाजाने तळमळायचे, त्यामुळे मी त्याविरुद्ध बोलणार नाही. पण ती रात्र गेली ती गेली.

चार ते आठ

दुकानं दुपारी एक ते चार तेव्हाही बंद, अजूनही बऱ्यापैकी बंद. सगळंच काही बदललं नाही, धीर धरा :)

नाव नको

वाचत होतो, लिहावं की नाही दोन दिवस ठरेना.

मी १९८६ला उस्मानाबाद जिल्ह्यातून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून पेठांत खोली शोधायला निघालो. पाटी असायची, 'खोली भाड्याने देणे आहे'. वर जायचो. पाणी मिळायचं, बसा म्हणायचे, गाव कुठलं, कितवीला किती मार्क, सगळं अगदी आपुलकीने. मग आडनाव. आडनाव सांगितलं की भाचा येणार असायचा, किंवा कालच कुणीतरी अनामत देऊन गेलेला असायचा. नऊ घरं झाली. दहाव्या वेळेला मी जिन्यातूनच आडनाव सांगितलं, वर जायचे कष्ट तरी वाचावेत म्हणून. शेवटी दोन वर्षं ताडीवाला रोडला ओळखीच्यांकडे काढली.

राग आता नाही. पण मोकळी दारं, माणुसकी असं लिहिलेलं वाचलं की मला ती दारं आठवतात. ती मोकळी होती, हे खरं. कुणासाठी, तेही लिहिलं पाहिजे.

आज माझी मुलगी बाणेरला फ्लॅट घेऊन राहते. फॉर्मवर नाव, पगार, बँक. नऊ जिने चढली नाही.

मीठभाकर

दादा, बरं झालं लिहिलंत.

कॅम्पातली

आजही विचारतात हो. फ्लॅट भाड्याने घेताना धर्म विचारतात, मांसाहारी आहात का विचारतात, एकटी बाई असेल तर आणखी काय काय. माझ्या मैत्रिणीला गेल्याच वर्षी तीन ठिकाणी नकार आला. हे संपलंय असं समजू नये. फक्त आता दलालामार्फत निरोप येतो, तोंडावर कुणी सांगत नाही.

पूर ६१

मी या धाग्यावर वयाने सगळ्यांत मोठा असेन. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमचं नदीकाठचं घर गेलं आणि आम्ही गोखलेनगरला आलो.

तुम्ही ज्या १९८५ला सोनेरी म्हणताय, त्या १९८५ला आमचे वडील रोज संध्याकाळी एकच वाक्य म्हणायचे: "पुणं पुराआधीचं. आता राहिलंय काय?" त्यांच्या मते स्कूटरी आल्या आणि शांतता गेली, सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आला आणि संध्याकाळच्या गप्पा संपल्या, बाहेरची माणसं आली आणि भाषा बिघडली. आणि माझे आजोबा? त्यांना पुराआधीचं पुणंही पटायचं नाही. त्यांचं पुणं लोकमान्य गेले तेव्हाच संपलं होतं!

मी हे थट्टेने सांगत नाही. वडिलांचं दुःख खरं होतं. त्यांची सगळी पुस्तकं आणि त्यांच्या आईचा एकमेव फोटो पुरात वाहून गेला होता. तो फोटो गेला असं म्हणणं त्यांना जमायचं नाही. म्हणून ते पुणं गेलं म्हणायचे. माळा रिकामा करताय म्हणून सांगतो, पारवा. फोटो आधी बाजूला काढा.

शनिवारचा पारवा

काका, काढले. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

गॅरेज

हवेबद्दल कुणी लिहिण्याआधी मीच लिहितो. माझं टिंबर मार्केटजवळ गॅरेज होतं, १९८९ ते २००८. "तेव्हा हवा स्वच्छ होती" हे अर्धंच खरं आहे. गाड्या कमी होत्या, बरोबर. पण होत्या त्यातल्या बहुतेक टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, ते जळायचं आणि मागे निळा धूर. स्वारगेटच्या सिग्नलला दहा रिक्षा थांबल्या की पलीकडचं दिसायचं नाही. वर पेट्रोलमध्ये शिसं. ते देशभर बंद झालं २००० साली. तोवर माझ्या पोरांनी, तुमच्या पोरांनी, सगळ्यांनी ते श्वासातून घेतलं. आजच्या एका गाडीचा धूर तेव्हाच्या एका गाडीच्या मानाने काहीच नाही. आज त्रास आहे तो गाड्यांच्या संख्येचा, आणि उकरलेल्या रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या धुळीचा. दोन्ही वाईटच, पण दुखणं वेगळं आहे, औषधही वेगळं लागेल.

टेकडीवर सहा वाजता

टेकड्यांचंही तसंच. आमच्या लहानपणी हनुमान टेकडी, वेताळ टेकडी चांगल्याच बोडक्या होत्या. आज तिथे जी झाडी आहे ती नंतर लोकांनी कॅन वाहून, पाणी घालून वाढवलेली आहे, त्यात माझेही दोन कॅन असायचे. म्हणून तर आता तिथून रस्ता काढायची भाषा ऐकली की जीव तुटतो. नदी मात्र गेली, आणि तिच्या बाबतीत मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही. विठ्ठलवाडीला आम्ही पोहायला शिकलो. पाठीला सुका भोपळा बांधून मामा ढकलून द्यायचे. आज त्या पाण्याजवळ नातवाला उभं करवत नाही.

हडपसरकर

तुम्हा पेठवाल्यांचं एक चुकतं. पुणं म्हणजे पेठा, डेक्कन आणि फार तर कॅम्प. आम्ही तेव्हा पुण्यात नव्हतोच, "पुण्याला जायचं" म्हणायचो. मुठेच्या उजव्या कालव्यावर आमचा भाजीपाला. पहाटे तीनला बैलगाडी, नंतर टेम्पो, मार्केट यार्डला माल टाकून दहाला घरी.

१९९१च्या जनगणनेला महापालिकेच्या हद्दीत १५.५ लाखांच्या आसपास माणसं होती, २०११ला ३१ लाख. ही माणसं राहिली कुठे? आमच्या शेतात. मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी एकत्र येऊन सुमारे ४०० एकरांवर स्वतःच नगर उभं केलं, त्यांचं भलं झालं. माझ्या वडिलांनी १९९६ला एकट्याने विकलं. आलेल्या पैशातून बहिणीचं लग्न, एक जीप आणि घर. जीप पाच वर्षांत भंगारात. मला ते दशक चांगलं होतं की वाईट सांगता येत नाही. विहीर होती, एवढं सांगता येतं. आता त्या जागेवरच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, ते शहरालाही हवं आणि दौंड-इंदापूरच्या शेतालाही. मी दोन्ही बाजूंनी भांडलोय. आधी शेतकरी म्हणून, आता सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून.

पायडल

हडपसरकर, यावर वेगळा धागा काढाच. विहिरीचं वाचून गलबललं.

रातराणी

"कुणाच्या आईला काळजी नसायची" याच्याशी पूर्ण असहमत. त्याआधी १९७६-७७ला, घरांत घुसून केलेल्या जोशी-अभ्यंकर खुनांच्या काळात, संध्याकाळी सातनंतर पुणं कड्या लावून बसायचं, हे मी आईकडून शंभर वेळा ऐकलंय. आमच्या दाराला तीन कड्या होत्या, त्या तेव्हाच्या. माझ्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे १९९०च्या सुमारास, बसमध्ये सेफ्टी पिन हातात धरून उभं राहायचो आम्ही मुली. घरी सांगायचो नाही, कारण सांगितलं तर कॉलेज बंद झालं असतं. मुलींनी सांगितलं नाही म्हणून आयांना काळजी नव्हती. आज माझी भाची सांगते, तक्रार करते, भांडते. त्यामुळे आज जास्त घडतंय असं वाटतं.

बाळगुटी

मी बालरोगतज्ज्ञ आहे. १९८७ ते ९० सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. उन्हाळ्यात जुलाबांचा वॉर्ड भरायचा, एका खाटेवर दोन बाळं. गोवर झालेली, न्यूमोनिया झालेली. आणि नवजात बाळांचा धनुर्वात, ज्यात बाळ दूध ओढायचं थांबतं आणि जरा आवाज झाला तरी ताठ होतं. तो पाहिलेला माणूस विसरत नाही. आज माझ्या हाताखालच्या मुलांनी तो पुस्तकातच वाचलाय, २०१५ला तो देशातून हटल्याचं जाहीर झालं. १९९० साली देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ८० पहिल्या वाढदिवसाआधी जायची. २०२० साली २८. हजारातली ही ५२ बाळं "ते दिवस" आठवायला राहिलीच नसती. ज्यांचं बालपण सुखाचं गेलं तेच आज इथे लिहायला आहेत, हे मला सारखं जाणवतं.

दुसरी बाजूही सांगते. तेव्हा बाळाबरोबर आई, आजी, काकू, शेजारीण अशी चारजणं यायची, मला बोलू द्यायची नाहीत. आता एकटी आई येते. हातात फोन, फोनवर वाचलेलं सगळं, आणि डोळ्यांखाली काळं. तिला औषधापेक्षा एक आजी लिहून द्यावी असं वाटतं.

लातूर ते वाकड

मी २६ वर्षांची. हिंजवडीत नोकरी, वाकडला तिघी मिळून राहतो. सकाळी सव्वा तास, संध्याकाळी दीड. पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात. या शहरात स्वतःचं घर होईल असं आज तरी दिसत नाही. त्यामुळे "पोराबाळांना आता सगळं आयतं" म्हणणाऱ्या काकांना सांगेन, पेठेत अगदी नाममात्र भाड्यात राहणं आम्हाला स्वप्नातही दिसत नाही.

तरीही. माझी मावशी १९९१ला पुण्यात शिकायला यायचं म्हणत होती. तिला पाठवलं नाही, "एकटी मुलगी कुठे राहणार?" हेच कारण. मी आले. रविवारी मेट्रोने वनाजपासून येते, डेक्कनला उतरते, पुस्तकांची दुकानं फिरते, एकटी बसून कॉफी पिते. कुणी काही म्हणत नाही. मला हे शहर फार आवडतं. ते संपलं असं तुम्ही सगळे म्हणता तेव्हा वाईट वाटतं, कारण माझं आत्ताच सुरू झालंय.

पूर ६१

बाळ, खूप बरं वाटलं वाचून. कधी गोखलेनगरला ये जेवायला. न विचारता ये.

मीठभाकर

(आणि स्वयंपाक काका करतील ना?)

पूर ६१

मीच करतो. पत्नी गेल्यापासून शिकलो. वरण-भात आणि बटाट्याच्या काचऱ्या खात्रीने.

मीठभाकर

मग मीही येते :)

अवांतर, पण वाडा पाडताहात म्हणून सांगते. आमच्या माहेरी वडिलोपार्जित घर विकलं तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. महाराष्ट्राने १९९४ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली होती त्यांना वगळून. माझं ८८चं. २००५ला केंद्राच्या कायद्याने ती अट गेली, तोवर आमचं घर विकून झालं होतं. भावांशी संबंध चांगले आहेत, भाऊबीज चुकत नाही. पण ते घर डोळ्यांसमोर आलं की काहीतरी टोचतं. त्या दशकाचा हिशेब मांडताना हेही मांडा.

शनिवारचा पारवा

तीन दिवसांनी येतोय. सगळा धागा आईला वाचून दाखवला, दोन बैठकींत.

'नाव नको' यांच्या प्रतिसादाला तिने मला थांबवलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आपल्या वाड्यातही झालं होतं. मागची खोली रिकामी होती, एक मुलगा आला होता, चष्म्याचा, हातात वळकटी. मालकांनी त्याला चौकातूनच परत पाठवलं. "आम्ही सगळ्या तिथे पायरीवर बसलो होतो. तांदूळ निवडत होतो. कुणी काही बोललो नाही. मीपण नाही बोलले." तो मुलगा तुम्हीच होतात असं मी म्हणत नाही, असे कितीतरी असतील. पण आईने सांगितलंय की त्यांना कळव, मला ते आठवतं.

मग मी विचारलं, तुझे दिवस नकोत म्हणालीस, पण त्यातलं एकही काही नको? तर म्हणाली, ती पायरी हवी. चौकाकडची दगडी पायरी, जिच्यावर दुपारी चारनंतर सगळ्याजणी बसायच्या. पाणी भरून, स्वयंपाक करून, भांडी घासून झाल्यावर दिवसातला तेवढा एक तास त्यांचा होता. कुणाचं काय दुखतंय ते तिथे कळायचं. लेलेकाकूंची गाठ तिथेच कुणाच्यातरी हाताला लागली आणि त्या वाचल्या. नव्या इमारतीत आई सहाव्या मजल्यावर जाणार. तिची एकच भीती आहे, तिथे चार वाजता काय करायचं?

काल बिल्डरकडे नकाशा पाहिला. तळमजल्यावर पार्किंग आणि फक्त पार्किंग. पायरी बसेल एवढी जागा लिफ्टशेजारी आहे, पण तिथे चार दुचाक्यांच्या रेघा मारल्यात. १४ जणांची संमती लागेल असं तो म्हणतो. वाड्यातल्या नऊ घरांनी सही केली. पाच म्हणतात, गाडी कुठे लावायची?

गॅरेज

त्यातली एक दुचाकी तुमची आहे का?

शनिवारचा पारवा

हो. माझी आणि बायकोची, दोन.

टेकडीवर सहा वाजता

म्हणजे चार नाही, दोनच दुचाक्यांचा प्रश्न उरला. रविवारी मी येतो त्या पाच घरांशी बोलायला. पायरीचा दगड फोडू देऊ नका तोवर.

नाव नको

आईंना सांगा, निरोप पोचला. रविवारी मीही येतो. दगड उचलायला माणसं लागतील.